पाटीवरची गणिते

तंजावरच्या ईशान्येस, कावेरी नदीच्या काठी कुंभकोणम हे देवळांचे गाव आहे. उंच गोपुरे, रेशमी वस्त्रे आणि पितळी भांडी यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथील सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे, आजोळी झाला होता. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. त्यांच्या तुटपुंज्या पगाराला हातभार लागावा म्हणून आई कोमलताम्माळ मंदिरात भजने गात असे आणि घरी विद्यार्थ्यांना जेवणाखाणासह ठेवून घेत असे.

रामानुजन अंगाने स्थूल व स्वभावाने अबोल होता. गल्लीतील मुले खेळात रंगून गेली, तरी हा ओट्यावर पाटी घेऊन बसलेला असे. घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांची गणिताची पुस्तके तो मागून घेई व थोड्याच दिवसांत त्यांना येत नसलेली उदाहरणे सोडवून दाखवी. ज्या चौरसातील आकड्यांची बेरीज उभी, आडवी व तिरपी एकच येते असे चौरस रचण्याचा त्याला छंद होता. तुम्हीही एक ते नऊ हे आकडे घेऊन असा चौरस रचून पाहा. प्रत्येक ओळीची बेरीज पंधरा आली पाहिजे. टाउन हायस्कुलात सुमारे १२०० विद्यार्थी व ३५ शिक्षक होते. एवढ्या मोठ्या शाळेचे वेळापत्रक जुळविताना गणिताचे शिक्षक याच मुलाची मदत घेत असत.

१९०३ साली त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचे एक पुस्तक आले. त्यात गणितातील सुमारे पाच हजार सिद्धांत एकापाठोपाठ एक मांडलेले होते. बहुतेकांची सिद्धता मात्र पूर्ण दिलेली नव्हती. दुसऱ्या एखाद्या मुलाने असले रूक्ष पुस्तक दोन पाने चाळून परत केले असते. रामानुजनला ते कोड्यांचे भांडारच वाटले. प्रत्येक सिद्धांत खरा का, हे तो आपल्या रीतीने शोधू लागला आणि शोधता शोधता पुस्तकात नसलेल्या गोष्टीही त्याला सापडू लागल्या.

१९०४ साली तो शाळेतून बाहेर पडला, तेव्हा गणिताचे पारितोषिक त्यालाच मिळाले. या मुलाला पूर्ण गुणांहूनही अधिक गुण द्यावयास हवेत, असे मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी सर्वांसमक्ष सांगितले. पुढे गावातील सरकारी महाविद्यालयात तो शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाला. परंतु आता त्याचे चित्त दुसऱ्या कोणत्याच विषयात लागेना. इतर विषयांच्या तासालाही तो गणितेच करीत बसे. इंग्रजी निबंधात तो नापास झाला व शिष्यवृत्ती गेली. नियमाप्रमाणे पाहता यात महाविद्यालयाचा दोष म्हणता येणार नाही. आणि हट्ट रामानुजनचाही होताच. पण शिष्यवृत्तीवाचून फी कोठून भरावयाची?

१९०५ च्या ऑगस्टमध्ये, सतरा वर्षांचा रामानुजन कोणासही न सांगता घरातून निघून गेला. आगगाडीने तो विशाखापट्टणमला पोहोचला. घरी आईवडिलांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल! त्यांनी वृत्तपत्रातून त्याचा शोध चालविला. काही आठवड्यांनी तो घरी परतला, पण पुढची वाट सरळ झाली नाही. मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात १९०६ साली त्याने पुन्हा नाव घातले. तेथे शरीरशास्त्र आडवे आले. प्राण्यांची चिरफाड करण्याचा त्याला तिटकारा होता. एफ. ए.च्या परीक्षेत तो १९०६ साली नापास झाला आणि १९०७ सालीही झाला. त्या काळी पदवीवाचून चांगली नोकरी मिळणे दुरापास्तच होते. गावात ज्याचे कौतुक होई, तो मुलगा आता दोनदा नापास झालेला, बेकार तरुण होता.

या दिवसांतही त्याचे गणित सुटले नाही. कागद महाग, म्हणून तो पाटीवर मांडणी करी, लिहिलेले कोपराने पुशी, पुन्हा लिही आणि अखेरचे उत्तर तेवढे वहीत उतरवून ठेवी. सारखे पुसून पुसून त्याचे कोपर काळे पडले होते.

१९०९ साली जानकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसाराची जबाबदारी आली, तेव्हा आपल्या वह्या काखोटीस मारून रामानुजन नोकरीसाठी लोकांच्या दारी जाऊ लागले. १९१० साली त्या वह्या रामस्वामी अय्यर या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्या. भारतीय गणित मंडळ त्यांनीच स्थापन केले होते. त्या मंडळाचे ग्रंथालय तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. मंडळाच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला लेख छापून आला. पुढच्या वर्षी मद्रास बंदराच्या कचेरीत त्यांना दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तेथूनच जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र धाडले. पत्रातील सूत्रे पाहून हार्डी चकित झाले. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीने इंग्लंडला निघाले.

तेथे १९१८ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. पण प्रकृती पार ढासळली. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्या वह्या त्यांच्याच हस्ताक्षरात छापून दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. परंतु ती उत्तरे कशी निघाली, हे त्यांत क्वचितच सापडते. ती मांडणी पाटीवर झाली होती व पुसली गेली होती. अमेरिकेतील गणिती ब्रूस बर्न्ट यांनी एकेका निष्कर्षाची सिद्धता जुळवावयास घेतली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८५ साली निघाला आणि पाचवा व शेवटचा खंड १९९८ साली.