कुर्ल्यांची हजेरी घेणारा डॉक्टर

आमच्या राजापुरात पहिला पाऊस पडला की लोक रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या पकडायला निघतात. आपल्यासाठी कुर्ली म्हणजे झणझणीत रस्सा! पण तिच्या जातभाईंची पद्धतशीर यादी करण्यात एका माणसाची कित्येक वर्षं गेली. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक.

जन्म मुंबईचा, १८५९ चा. वडील जहाजाचे कप्तान. घरची परिस्थिती ढासळली आणि सतराव्या वर्षी अल्कॉक वायनाडच्या कॉफीच्या मळ्यात आले. पुढे कलकत्त्यात ऑफिस, मग शाळेत मास्तरकी. आपल्याला बाविसाव्या वर्षी कॅम्पसचं टेन्शन. हे त्या वयात ॲबर्डीनला डॉक्टरकी शिकायला बसले!

१८८८ मध्ये ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर डॉक्टर म्हणून चढले. जहाजाचं खरं काम समुद्राचे नकाशे काढायचं, जाळं टाकणं फावल्या वेळात. तरी खोल पाण्यातून आलेला एकेक खेकडा, एकेक कोळंबी त्यांनी पारखली. १८९३ पासून कलकत्त्याचं इंडियन म्युझियम सांभाळलं. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पण मनासारखं काम होईना, म्हणून १९०६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लंडन गाठलं. यादी मात्र सोडली नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा भाग १९१० मध्ये निघाला. १९३३ मध्ये ते वारले.

याद्या करणं बोअर वाटतं ना? पण जुनं नीट लिहिलेलं असेल तरच नवीन काय ते ओळखता येतं. २०१६ मध्ये सह्याद्रीतल्या एका नव्या खेकड्याचं नाव ठेवलं गेलं: गुबरनॅटोरियाना अल्कॉकी!