थिओडोर बोव्हेरी : जंताच्या अंड्यातून आनुवंशिकता वाचणारा शास्त्रज्ञ

शरीराच्या प्रत्येक पेशीत तीच गुणसूत्रं असतात, हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. पण एक प्राणी असा आहे की जो आपल्या बहुतेक पेशींमधून गुणसूत्रांचा मोठा हिस्सा चक्क फेकून देतो! तो म्हणजे घोड्याच्या आतड्यातला गोलकृमी. जंतनाशक दिनी आपण मुलांना गोळी देतो ना, त्या जंताचाच हा भाऊबंद. ही गोष्ट जगासमोर आणली थिओडोर बोव्हेरी यांनी.

बोव्हेरींचा जन्म 1862 साली जर्मनीतल्या बाम्बर्ग गावी झाला. म्युनिकला ते शिकायला गेले ते इतिहास-तत्त्वज्ञान, पण लवकरच शरीररचनाशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे वळले. (त्यांचा भाऊ वॉल्टर 'ब्राऊन बोव्हेरी' या वीजयंत्रांच्या कंपनीचा एक संस्थापक. नाशिककरांना एबीबी हे नाव माहीत असेल, त्यातला दुसरा 'बी' तो हाच.)

आता प्रश्न पडेल, अभ्यासाला जंतच का? कारण सोपं आहे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, सगळी बारीक. या कृमीच्या एका प्रकारात मात्र फक्त 2 आणि दुसऱ्यात 4, आणि तीही चांगली लांब-जाड. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकावर नजर ठेवता येते.

1887 मध्ये बोव्हेरींनी जे पाहिलं ते असं. फलित अंड्याच्या दोन पेशी होतात. पुढच्या विभाजनात त्यातल्या एकीत गुणसूत्रांचे तुकडे पडतात. मधल्या भागाचे छोटे तुकडे केंद्रकात राहतात, जाड टोकं मात्र बाहेर पडून विरघळून जातात. दुसऱ्या पेशीत सगळं शाबूत! तिच्या लेकींमध्येही पुन्हा तेच, एक फेकते, एक जपते. काही विभाजनांनंतर पूर्ण गुणसूत्रं उरतात ती एकाच पेशीत, आणि पुढच्या पिढीची अंडी व शुक्राणू तिच्यापासूनच तयार होतात. म्हणजे वारसा पुढे नेणारी पेशी सगळं सांभाळते, बाकीच्या आपल्या कामापुरतं ठेवतात.

पण कोणी फेकायचं आणि कोणी जपायचं, हे ठरवतं कोण? या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी वीसेक वर्षं सोडला नाही. दोन शुक्राणू शिरलेली अंडी त्यांनी तपासली. यंत्रात गरगर फिरवलेली अंडीही तपासली. फिरवल्यामुळे विभाजनाची दिशा बदलली आणि दोन्ही पेशींना अंड्याच्या एकाच भागाचा पेशीद्रव मिळाला, तर दोघीही गुणसूत्रं जपतात. म्हणजे निर्णय गुणसूत्रांचा नव्हे, त्यांच्या भोवतीच्या पेशीद्रवाचा. गंमत बघा, गुणसूत्रंच आनुवंशिकतेची वाहक आहेत हे ठासून सांगणाऱ्यांत बोव्हेरी अग्रभागी होते, आणि गुणसूत्रांवरही कोणाचा तरी अंमल चालतो हे दाखवणारेही तेच. मला त्यांचं मोठेपण इथं दिसतं.

समुद्री अर्चिनच्या अंड्यांवरही त्यांनी असेच प्रयोग केले. गुणसूत्रांची वाटणी बिघडली की भ्रूण बिघडतो, हे त्यातून 1902 मध्ये समोर आलं. यावरून त्यांनी विचार पुढे नेला : एखाद्या पेशीची वाटणी अशीच चुकली आणि ती बेसुमार वाढू लागली, तर? 1914 मध्ये कर्करोगाच्या गाठींवर त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं. सिद्ध करायला साधनं नव्हती. तब्येतही वारंवार ढासळायची. बर्लिनच्या नव्या जीवशास्त्र संस्थेचं संचालकपद त्याच कारणानं त्यांनी नाकारलं होतं. 1915 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी ते व्युर्त्सबुर्गला वारले.

त्यांच्या पत्नी मार्सेला स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून त्या 1896 मध्ये व्युर्त्सबुर्गला संशोधनासाठी आल्या आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. पतीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्या अमेरिकेत परतून पुन्हा शिकवू लागल्या, आणि कर्करोगावरचं ते पुस्तक त्यांनीच इंग्रजीत आणलं, 1929 साली.