विश्लेषण : जुन्या बोटीचे सुकाणू ढिले का पडते? जोसेफ ब्रामा आणि गळणाऱ्या दाबयंत्राची गोष्ट

जुन्या मोटरबोटीचे चाक फिरते, पण सुकाणू उशिरा हलते. हलले तरी चाक हाताला पोचट लागते. अशा वेळी जाणकार मेकॅनिक पंप उघडण्याआधी तेलाचा डाग शोधतो. हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाडाची सुरुवात बहुधा गळतीने होते. हे यंत्र पहिल्यांदा बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरालाही याच गळतीने जेरीस आणले होते.

कोण होता ब्रामा?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील स्टेनबरो गावी १३ एप्रिल १७४८ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला दुखापत झाली आणि शेतीची कष्टाची कामे सुटली. मग तो गावच्या सुताराकडे उमेदवारीला लागला. पुढे लंडनमध्ये शौचकूप बसवण्याचे काम करताना त्याला त्यातला एक दोष दिसला. थंडीत त्यांची झडप गोठून बसे. त्याने बिजागरीची झडप लावली आणि १७७८ मध्ये पेटंट घेतले. १७८४ मध्ये त्याने कुलपाचे पेटंट घेतले. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत त्याच्या कंपनीचे कुलूप आणि ते उघडणाऱ्यास २०० गिनी देण्याचे आव्हान कित्येक वर्षे टांगलेले होते. ते उघडले १८५१ मध्ये. त्यासाठी एका अमेरिकी कुलूपतज्ज्ञाला १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले. तोवर ब्रामाला जाऊन ३७ वर्षे होत आली होती.

दाबयंत्र नेमके काय करते?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकातच सांगितले होते. ब्रामाने त्यावर कामाचे यंत्र उभे केले आणि १७९५ मध्ये पेटंट मिळवले. लहान पंपाने पाणी दाबायचे आणि ते मोठ्या सिलिंडरमधील दट्ट्याखाली सोडायचे. दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभरपट असेल, तर जोरही, घर्षण सोडल्यास, शंभरपट मिळतो. अर्थात हे फुकट होत नाही. मोठा दट्ट्या एक इंच उचलायला लहान दट्ट्याला एकूण शंभर इंच चालावे लागते. बोटीवरही हेच घडते. चाकामागचा छोटा पंप तेल ढकलतो आणि मागच्या बाजूचा सिलिंडर सुकाणू वळवतो. फरक एवढाच की पाण्याच्या जागी तेल आले.

मग अडले कुठे?

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत. दट्ट्या सरकायचा तर थोडी फट हवीच, आणि दाब वाढला की पाणी त्याच फटीतून निसटे. फटीत भरण घट्ट ठोकले तर गळती थांबे, पण दट्ट्या जागच्या जागी अडके. भरण सैल केले तर दाब टिकत नसे. कल्पना बरोबर असूनही यंत्र कामाचे नाही, अशी ही कोंडी होती.

ती फोडण्याचे श्रेय हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. वूलिचच्या शस्त्रागारात काम शिकलेला हा तरुण १७८९ मध्ये, अठराव्या वर्षी ब्रामाकडे आला होता. त्याने इंग्रजी यू अक्षरासारख्या खोबणीचे चामड्याचे कडे बसवले. दाबाचे पाणी खोबणीत शिरून कड्याचे दोन्ही ओठ फाकवते आणि ते दोन्हीकडच्या भिंतींना चिकटतात. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. दाब सोडला की कडे सैल पडते आणि दट्ट्या सहज परततो. ज्या दाबाने गळती होत होती, त्यालाच गळती थांबवायला लावले होते.

आठवड्याला ३० शिलिंगवर राबणाऱ्या मॉडस्लेने पुढे पगारवाढ मागितली. ब्रामाने ती नाकारली. एवढ्या हुशार मालकाने केलेला हा सर्वांत महागडा काटकसरीचा हिशेब म्हणावा लागेल. १७९७ मध्ये मॉडस्लेने स्वतःचा कारखाना काढला. जहाजांच्या कप्प्या बनवणारी पोर्ट्समथच्या गोदीतली प्रसिद्ध यंत्रे त्याच कारखान्यात घडली.

आजच्या बोटीवर दोष कसा शोधतात?

चामडे गेले, रबर आणि प्लास्टिकची सील आली, पण ओठांची रचना बरीचशी तीच राहिली. म्हणून तपासणी आधी तेलाच्या पातळीपासून आणि मग सिलिंडरचा दांडा, चाकामागचा पंप व नळ्यांचे सांधे यांपासून सुरू होते. चाक पोचट लागत असेल तर तेलात हवा शिरलेली असते. तेल फारसे दबत नाही, हवा दबते, त्यामुळे फिरवण्याचा जोर बुडबुड्यातच जिरतो. बाहेर कुठेच तेल नाही आणि तरीही चाक घसरत राहते, तेव्हा संशय पिस्टनच्या सीलवर किंवा पंपातल्या झडपेवर जातो. खाऱ्या पाण्याने दांड्यावर खड्डे पडले असतील तर नुसते सील बदलून भागत नाही. खरबरीत दांडा नवे सीलही कापून काढतो. दाबाखालच्या नळीवरून मात्र कधीही हात फिरवू नये. बारीक छिद्रातून उडणारे तेल कातडीत घुसू शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

ब्रामाचा शेवट कसा झाला?

बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारे यंत्र त्याने १८०६ मध्ये बनवले. दाबयंत्राचे नवनवे उपयोग शोधणे मात्र त्याने थांबवले नाही. १८१४ च्या अखेरीस होल्ट फॉरेस्टमध्ये हेच यंत्र लावून झाडे मुळासकट उपटण्याचे काम तो स्वतः उभा राहून करून घेत होता. तिथे थंडी बाधली, आजार फुप्फुसांवर गेला आणि ९ डिसेंबर रोजी, ६६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.