बेटांचा माणूस

एपीएमसी मार्केटमध्ये हापूसच्या पेट्या उतरू लागल्या की मधुमेह जडलेला माणूस नुसत्या वासावर समाधान मानून पुढे सरकतो. त्याच्या दुखण्याचे मूळ ज्या पेशींपाशी पोहोचते, त्या पहिल्यांदा पाहिल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने.

पॉल लँगरहान्स १८४७ साली बर्लिनमध्ये एका डॉक्टरच्या घरात जन्मला. १८६९ च्या प्रबंधासाठी सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळताना त्याला पाचक रस करणाऱ्या पेशींच्या गर्दीत निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे आपल्याला उमगत नाही, असे त्याने सरळ लिहून टाकले. परीक्षेच्या कागदावर एवढा प्रामाणिकपणा दाखवणारे थोडेच!

पुढे फ्रायबुर्गला नोकरी लागली, पण १८७४ मध्ये क्षयाने गाठले. हवापालट करून पाहिला, गुण आला नाही. अखेर पोर्तुगालच्या मदीरा बेटावर त्याने बिऱ्हाड केले. तिथे रोगी तपासले, समुद्रातल्या कृमींचा अभ्यास केला आणि त्यांतल्या एका प्रजातीगणाला आपले गुरू फिर्शो यांचे नाव दिले. १८८५ मध्ये लग्न झाले. संसार जेमतेम तीन वर्षांचा ठरला. २० जुलै १८८८ रोजी, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला. त्या पुंजक्यांना १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच संशोधकाने 'लँगरहान्सची बेटे' म्हटले. इन्सुलिन हे नावही बेटासाठीच्या लॅटिन शब्दावरून आले.

बेटांवरचा कारभार मात्र अजून उलगडतोच आहे. १९५० मध्ये मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन सापडले. चेतापेशींना आवर घालणे हे त्याचे काम. पुढे तेच इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशींतही भरपूर आढळले. या बीटा पेशींच्या शेजारीच रक्तातली साखर वाढवणारे ग्लुकागॉन सोडणाऱ्या अल्फा पेशी असतात. गाबा त्यांना हात आखडता घ्यायला लावते. आंब्याच्या सौद्यात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव कळवीत, तसाच हा शेजाऱ्याला गुपचूप दिलेला निरोप. बीटा पेशी मेल्या की इन्सुलिन जातेच, हा निरोपही थांबतो.

१९९० मध्ये आणखी एक धागा हाती लागला. बहुधा लहान वयात जडणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर ज्यांच्यावर उलटते, त्यांत गाबा तयार करणारे विकरही असते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत का, हे आज डॉक्टर तपासून घेतात.

लँगरहान्सची कबर मदीराच्या फुंशाल गावी, इंग्रजांच्या दफनभूमीत आहे.