विश्लेषण : गाडी लुटली तेव्हा तुरुंगात, तरीही जन्मठेप! काकोरी खटल्यात जोगेशचंद्र चॅटर्जींची शिक्षा का वाढली?

आरोपीला झालेली शिक्षा अपुरी आहे, असे म्हणत सरकारने वरच्या न्यायालयात दाद मागितल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. जवळपास १०० वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारनेही काकोरी खटल्यात हेच केले होते. त्यामुळे १० वर्षांची शिक्षा थेट जन्मठेपेवर गेलेल्यांपैकी एक होते क्रांतिकारक जोगेशचंद्र चॅटर्जी.

कोण होते जोगेशचंद्र?

जन्म १८९५ चा, तेव्हाच्या ढाका जिल्ह्यातला. तरुणपणीच ते अनुशीलन समितीत दाखल झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अटक झाली, कोठडीत छळ झाला. १९२० मध्ये सुटका झाल्यावर संघटनेने त्यांना संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात पाठवले. तिथे नाव बदलून राहत त्यांनी तरुणांची जुळवाजुळव केली. त्यातूनच १९२४ मध्ये हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन उभी राहिली. शचीन्द्रनाथ सन्याल आणि रामप्रसाद बिस्मिल हे तिचे इतर प्रमुख शिलेदार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोगेशचंद्र बंगालमध्ये पकडले गेले.

मग काकोरीशी संबंध कसा?

९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळ काकोरी येथे पॅसेंजर गाडी थांबवून क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. हाती लागले सुमारे साडेचार हजार रुपये. गोळी लागून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. जोगेशचंद्र त्या वेळी तब्बल १० महिने गजाआड होते.

पण खटला केवळ लुटीचा नव्हता. दरोड्यासह खुनाबरोबरच सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट (भारतीय दंड संहिता, कलम १२१-अ) आणि गुन्हेगारी कट (कलम १२०-ब) असे गंभीर आरोप होते. कटाच्या गुन्ह्यात आरोपी प्रत्यक्ष घटनास्थळी असावाच लागत नाही. संघटना उभारणारे जोगेशचंद्र या आरोपांच्या कक्षेत आले ते असे.

शिक्षा कशी वाढली?

६ एप्रिल १९२७ रोजी विशेष सत्र न्यायाधीश हॅमिल्टन यांनी निकाल दिला. बिस्मिल, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशन सिंह यांना फाशी, तर जोगेशचंद्र यांना १० वर्षे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री यांनाही १० वर्षांची शिक्षा झाली.

आरोपींनी अवधच्या मुख्य न्यायालयात अपील केले. सरकारनेही काही जणांची शिक्षा वाढवून मागितली. २२ ऑगस्ट १९२७ च्या निकालात जोगेशचंद्र, गोविंद चरण कर आणि मुकुंदीलाल यांची १० वर्षांची शिक्षा जन्मठेप झाली. सुरेशचंद्र भट्टाचार्य आणि विष्णुशरण दुबलिश यांची ७ वर्षांवरून १० वर्षांवर गेली. कलम १२१-अ मध्ये जन्मठेपेची तरतूद होतीच, त्यामुळे ही वाढ कायद्याच्या मर्यादेत बसत होती.

पुढे काय झाले?

जोगेशचंद्रांनी राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून तुरुंगात प्रदीर्घ उपोषणे केली. भगतसिंग आणि चंद्रशेखर आझाद यांच्या गटाने त्यांना सोडवण्याचा बेत आखला, पण तो तडीस गेला नाही. अखेर १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर त्यांची सुटका झाली. १९४० मध्ये स्थापन झालेल्या रिव्होल्युशनरी सोशालिस्ट पार्टीचे ते पहिले सरचिटणीस. स्वातंत्र्यानंतर ते राज्यसभेवर गेले. ‘इन सर्च ऑफ फ्रीडम’ हे त्यांचे आत्मचरित्र.

आज नियम काय?

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७७ ने सरकारला अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा अधिकार दिला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ ने घेतली आहे. मात्र दोषीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा वाढवता येत नाही. त्या सुनावणीत तो शिक्षा कमी करण्याची, अगदी निर्दोष सुटकेचीही मागणी करू शकतो.

पीडिताला मात्र केवळ शिक्षा कमी पडली म्हणून अपील करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे शिक्षा वाढवून मागायची की नाही, हा निर्णय १९२७ प्रमाणे आजही सरकारच्याच हाती आहे.