गाडगेबाबा : निराधारांची धर्मशाळा

वारीत पाऊस कोसळू लागला की आपण पहिलं विचारतो, मुक्काम कुठं? शंभर वर्षांमागे पंढरीत पोचल्यावरही गरिबाला, त्यातून अस्पृश्य मानलेल्याला, या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पोरंबाळं घेऊन उघड्यावर पडायचं. ही अडचण गाडगेबाबांनी ओळखली, कारण त्यांचं स्वतःचं घर लहानपणीच मोडलं होतं.

बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्म. वडील दारूपायी गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तिथं डेबूनं मामाची गुरं राखली, पुढं नांगर धरला. मग मामाची जमीन सावकारानं गिळली. दारू आणि कर्ज घराचं काय करतात, हे पोरानं पोथीत वाचलं नाही, डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटण न करता त्यांनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, पण ते हटले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. मागं आई, बायको कुंताबाई, लेकरं. त्या माउल्यांनी काय सोसलं असेल ते बाबांचे गोडवे गाताना आपण विसरतो, तसं विसरू नये.

अंगावर चिंध्या, हाती खराटा नि फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तनात समोरच्यालाच विचारायचे, कर्ज किती, दारू पितोस का, पोरं शाळेत जातात का. उधार काढून तीर्थाला येणाऱ्या वारकऱ्यालाही सोडत नसत. आपल्यातल्या पुष्कळांना ते आजही झोंबेल.

लोक पैसा देत, तो विटा-चुन्यात जाई. पंढरपुरात १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. नाशिक, आळंदी, देहू इथंही उतारूंची सोय झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली, ती दुखणेकऱ्यांच्या नातलगांसाठी. खेड्यातला माणूस आजारी माणसाला घेऊन मुंबईत उतरला की रात्री फुटपाथवरच निजायचा, म्हणून. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. स्वतः मात्र त्यांनी कुठल्याच इमारतीत बिऱ्हाड केलं नाही आणि घरच्यांना मालकी दिली नाही.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तनात असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

१९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. आश्रमशाळा, वसतिगृहं यांतून गोरगरिबांची, आदिवासींची पोरं शिकू लागली. बाबा फिरतच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, गाडीतच त्यांचा प्राण गेला.