डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. त्यांच्या बालपणी मध्यप्रांतावर १८९६ आणि १८९९ साली असे दोन भीषण दुष्काळ कोसळले, व असंख्य माणसे अन्नावाचून मेली. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या या तरुणाला पुढे दोन विद्यांचा ध्यास लागला. एक शस्त्रविद्या, दुसरी शेतीची विद्या. पहिलीने देश सोडवावयाचा होता, दुसरीने तो जगवावयाचा होता.

विशीच्या सुमारास ते घराबाहेर पडले आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांनी कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात कवायत शिकली व ऑरेगन येथे शेतीशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली गदर पक्ष स्थापन झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानातून इराणात उतरले. तेथे इंग्रजांशी लढताना ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. परंतु हिंदुस्थानची सीमा काही ओलांडता आली नाही. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले. मायदेशाची वाट मात्र बंदच राहिली.

अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत आले. हा देश त्यांना का मानवला असावा, हे त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानी येते. पोर्फिरिओ दियास या राष्ट्राध्यक्षाच्या दीर्घ राजवटीत तेथील जमीन मूठभर जमीनदारांच्या हाती गेली होती. १९१० साली क्रांती झाली आणि कसणाऱ्याला जमीन देण्याचे वारे वाहू लागले. चापिंगो येथे मानुएल गोन्सालेस या माजी राष्ट्राध्यक्षाची विस्तीर्ण जहागीर होती. त्याच जहागिरीवर आता राष्ट्रीय कृषिविद्यालय भरू लागले होते, आणि वर्ध्याचे खानखोजे तेथे अध्यापक झाले!

मक्याची भाकरी हे मेक्सिकोच्या गरिबांचे अन्न. रोहिणखेडसारख्या बुलढाणा जिल्ह्यातील गावी ज्यांनी मक्याचे शेत पाहिले आहे, त्यांना हे पीक अनोळखी वाटणार नाही. परंतु मक्याचे मूळ घर मेक्सिको होय. तेथे तेओसिंते नावाचे गवत रानात उगवते. ते मक्याचे नातलगच. खानखोजे यांनी मक्याचा त्याच्याशी संकर करून नवे वाण सिद्ध केले. गहू आणि कडधान्ये यांवरही त्यांनी प्रयोग केले. हे काम किती सोशिकतेचे असते! एका वाणाची परीक्षा घ्यावयाची, तर एक संपूर्ण हंगाम थांबावे लागते आणि तो फुकट गेला, तर पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.

ही विद्या विद्यालयाच्या भिंतींआड राहू नये, म्हणून त्यांनी १९२८ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. ज्या शेतकऱ्याला विद्यालयाची पायरी चढणे शक्य नव्हते, त्याच्या गावीच शिक्षण जाऊन पोहोचले. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही होते. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने एक चित्र रंगविले आहे. मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि एक जण सर्वांसाठी भाकरी मोडतो आहे. तो भाकरी मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली मध्यप्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच होते व त्यापायी त्यांना अडचण सोसावी लागली. पुढे ते सहकुटुंब नागपुरास येऊन राहिले.

१९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणविले. ते वाण खानखोजे यांचे नव्हते, नंतरच्या शास्त्रज्ञांचे होते. आणले मात्र त्याच देशातून, जेथे ते तीन दशके गहू-मक्यात राबले होते. जानेवारी १९६७ मध्ये नागपूर येथे ते वारले, तेव्हा त्या बियाण्याचा गहू उत्तरेकडील शेतांतून उभा होता.